कोराडीच्या बसमधली बाटली

काल मनीषनगरात शेजारणीकडे पावडरच्या दुधाचा वास आला आणि माझं डोकं तापलं. इतकी वर्षं झाली, तरी तो राग गेलेला नाही.

माझी बहीण बाळंतपणात गेली. तिची तान्ही मुलगी घेऊन मी बसने कोराडीला घरी निघाले होते. सकाळपासून रडणारी पोर कशीबशी पावडरच्या दुधाच्या बाटलीला लागली होती. शेजारची बाई म्हणाली, "अंगावर पाज ना वं! बाटली काहून देऊन राहिली?"

मागून एक माणूस हसला, "आजकालच्या पोरींले फिगर सांभाळाची असते."

मी बाटली तशीच धरून ठेवली. ओरडले असते तर पोरीनं दचकून दूध सोडलं असतं. बाटली संपल्यावर म्हणाले, "हिची माय परवा गेली. मी मावशी आहो."

बाई चुकचुकली. "म्हणजे आल्याआल्या मायले खाल्लं हिनं!"

मी बस थांबवली आणि कोळशाच्या ट्रकांच्या धुरळ्यात पोरीला पदराखाली घेऊन घरापर्यंत चालत गेले. तेव्हा वाटलं, वाचवलं मी हिला. आता ती मला आई म्हणते, आणि मला वाटतं, मी का उतरले? त्या बाईलाच खाली उतरवायला हवं होतं.