कोल्ह्याच्या घराचा उंबरा

घरात एक माणूस येरझाऱ्या घालायला लागलं की दुसऱ्याला निवांत बसवत नाही. आमचं अड्यारचं घर ते केवढं, बाल्कनीपासून ओट्यापर्यंत एवढीच काय ती मोकळी जागा. पण माझी नात तेवढ्यात फिरत राहायची. ओट्याशी यायची, डब्याचं झाकण उघडायची, काही न घेताच लावायची, की निघाली परत बाल्कनीकडे. मी घेवडा निवडत बसलेली, तर माझेही हात थांबायचे. मग मीही उठायची, उगाच पंख्याचं बटण कमीजास्त करायची, कपडे वाळलेत का बघायची. चेन्नईत कपडे वाळलेत का हे काय बघायचं, सांगा.

कारण असं की नातीने एक कादंबरी लिहिली होती. इंग्रजीत, तरुण मुलामुलींसाठी, प्रेमाची, आणि जपानच्या जुन्या देवदेवतांच्या गोष्टींवरून सुचलेली. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. दिल्लीच्या एका प्रकाशनातल्या बाईंना ती आवडली होती, पण शेवट त्यांना एका ठरावीक तऱ्हेचा हवा होता. नातीला तो लिहवत नव्हता आणि दुसरा सुचत नव्हता. बाईंनी सांगून ठेवलं होतं की महिनाअखेरीपर्यंत आला नाही तर यंदा पुस्तक निघणार नाही, पुढचं पुढे बघू. पुढचं पुढे बघू म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. तिलाही माहीत होतं.

आता चेन्नईतल्या मराठी घरातल्या मुलीच्या डोक्यात जपान कुठून आलं, तर शहराबाहेरच्या ओरगडममधून. तिथल्या एका मोटारींच्या कारखान्यात ती दुभाषी आहे. जपानी साहेब बोलणार, ही ते तमिळमध्ये कामगारांना सांगणार, कामगार काय म्हणतात ते परत साहेबांना. घरी आली की माझ्याशी मराठी, तीही अशी की वाक्य मराठीत सुरू होतं आणि संपेपर्यंत तमिळ होऊन जातं. मी ओरडत नाही. बोलते ना माझ्याशी, बास.

एकदा सुट्टीच्या दिवशी ऊन असताना सर पडली, तेव्हा मी सवयीने म्हणाले, बघ, कोल्ह्याचं लग्न लागलं. ती एकदम माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, जपानमध्येही हेच म्हणतात, ऊनपावसात कोल्ह्यांची वरात निघते. शेजारच्या मामी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, आमच्या तमिळमध्येही कोल्ह्याचंच लग्न, फक्त कावळ्याशी. आम्ही तिघी हसलो. मी ते विसरूनही गेले. ही मात्र दुसऱ्या दिवसापासून कंपनीच्या बसमध्ये फोनवर लिहायला लागली. अड्यार ते ओरगडम बस काही लवकर पोचत नाही, त्यामुळे कादंबरी चांगली जाडजूड झाली.

गोष्ट मला तिने तुकड्यातुकड्यांनी सांगितली होती. डोंगरावर एक देऊळ, त्याच्या वाटेवर एकामागे एक लाल कमानी. तिकडे कोल्हे म्हणजे भाताच्या देवाचे दूत. पायऱ्या झाडणारी एक मुलगी आणि माणसाचं रूप घेऊन येणारा एक पांढरा कोल्हा, यांचं जमतं. पण त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही. कारण जो ते नाव उच्चारेल त्याचा तो कायमचा बांधील. मुलीला ते नाव शेवटी कळतं. बाईंचं म्हणणं, सगळ्यात वरच्या कमानीपाशी त्याला त्याचे लोक ओढून न्यायला लागले की तिने ते नाव मोठ्याने घ्यावं, तो माणूस होऊन कायमचा इथे राहावा, दोघं सुखात नांदावीत.

"मग नांदू दे की," मी म्हणाले. "लग्न झाल्यावर नवरा घरी राहिला तर तुझं काय बिघडतं?"

"आजी, त्याला परत कधी कोल्हा होता येणार नाही. रान गेलं, बर्फातलं पळणं गेलं. ती त्याला प्रेमाने कैद करते असं होतं. आणि ती तशी मुलगीच नाहीये गं."

हे मला पटलं, पण पटून उपयोग काय. सूनबाई, म्हणजे तिची आई, नुंगंबाक्कमला बँकेत असते. संध्याकाळी दमून येते आणि बघते तर लेक अजून फिरतेच आहे. तिने तिच्या परीने समजावून पाहिलं. पहिलं पुस्तक आहे, बाई म्हणतात तसं करून टाक, दुसरं तुझ्या मनासारखं लिही. ऐकत नाही म्हटल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, तुम्हीच बघा आता. माणसांची स्थळं आणली तर नाकं मुरडते, आणि या कोल्ह्यासाठी जेवण सोडलंय." नात रागावली नाही. चपातीचा तुकडा हातात घेऊन तशीच बाल्कनीत गेली. तेच मला जास्त लागलं. पोर उलटून बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मी माझ्या परीने शेवट सुचवत होते. नाव कानात हळूच सांग म्हणाले. नाव विसरली असं कर म्हणाले. कोल्हा बहिरा असू दे, हेही म्हणून झालं. ती फक्त मान हलवायची. महिना सरत चालला होता. रोज सकाळी बसला जाताना तिचा चेहरा बघायचा आणि दिवसभर आपणही इकडून तिकडे करायचं, असं चाललं होतं माझं.

एका रविवारी मी चिंच साफ करत होते. ती समोर येऊन बसली, उठली, परत बसली. नावाचाच विचार डोक्यात, त्यामुळे असेल, म्हणाली, "आजी, आजोबांना तू नावाने हाक का नाही मारलीस गं कधी?"

मी म्हणाले, आमच्यात नव्हती पद्धत. अहो म्हटलं की ते बघायचे. मामी तरी कुठे मामांचं नाव घेतात? रेशनच्या रांगेत नवऱ्याचं नाव विचारलं की सगळ्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायच्या, मराठी काय नि तमिळ काय.

"म्हणजे एकदाही नाही?"

"एकदाही कशी नाही? उखाण्यात घेतलंय की. त्याशिवाय घरात कोण घेणार होतं मला?"

तिला उखाणा म्हणजे डोहाळजेवणात बायका म्हणतात ते काहीतरी गंमतीचं, एवढंच माहीत. मग मी सांगितलं. लग्न लागून मी सासरी आले. उंबऱ्यावर तांदळाचं माप. माप ओलांडायला पाऊल उचलते तर नणंद दोन्ही हात चौकटीला लावून उभी. नाव घ्या, मग आत या. मी माहेराहून छान उखाणा पाठ करून गेले होते, पण त्या घोळक्यात तो सगळा उडाला. दिवसभराची उपाशी, कपाळाला मुंडावळ्या, मागून सगळे ढकलतायत. हे तेव्हा रेल्वेच्या कारखान्यात नुकतेच लागलेले, म्हणून मला रूळच आठवले. म्हणाले, 'रुळावरून गाडी जाते सरळ सरळ, अमक्यारावांचं नाव घेते, आता वाट सोडा सरळ.' अमक्याच्या जागी त्यांचं नाव. इथे नाही लिहीत.

"सरळला सरळच जुळवलंस?" नात हसायला लागली.

"तुझी आत्याआजी पण तेच म्हणाली. 'वहिनी, यमक माहेरी राहिलं वाटतं.' पण बाजूला झाली."

नातीचं हसणं मध्येच थांबलं. म्हणाली, परत सांग. दार कोणी अडवलं? नणंदेने. म्हणजे त्याच्या बहिणीने? हो. आणि नाव घेतल्यावर आजोबांचं काय झालं?

"त्यांचं काय व्हायचंय? ते आपले माझ्या शेजारी उभे, उपरणं सावरत. नाव मी घेतलं, वाट मला मिळाली."

ती चिंचोक्यांचं ताट माझ्यापुढून सरकवून तिथेच फरशीवर फोन घेऊन बसली. मी दोनदा विचारलं, काय झालं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "नाव घेतलं की तो बांधला जातो असं सगळ्या कोल्ह्यांना वाटतं. कारण आजवर कुणी ते त्यांच्या दारात उभं राहून घेतलेलंच नाही. दारात घेतलं तर दार उघडतं." आणि लिहायला लागली.

कारखान्याचं काम सांभाळून तिने ते प्रकरण त्याच आठवड्यात संपवलं. मला वाचून दाखवलं, इंग्रजी वाक्य वाचायचं, मग मराठीत सांगायचं, अडलं की तमिळ. शेवटच्या कमानीपाशी पांढऱ्या कोल्ह्याची थोरली बहीण उभी आहे, शेपटीने वाट अडवून. मुलीजवळ झाडू आहे आणि अंगावर साधे कपडे. ती घाबरलेली, सुचेल तसं दोन ओळींचं काहीतरी म्हणते, त्यात त्याचं नाव गुंफते. जुळतही नाही धड ते. बहीण हसते. शेपटी बाजूला होते. तो कोल्हाच राहतो, आणि ही मुलगी मुलगी म्हणूनच कमानीच्या आत पाऊल टाकते.

ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण जीव शांत होईना. त्या रात्री काही नाही, सकाळी भाजी चिरताना मनात आलं, ही पोर तिकडे आत जाऊन करणार काय? खाणार काय, बोलणार कुणाशी? कोल्ह्यांची भाषा तिला कुठे येते? नात कंपनीत गेलेली, विचारायचं कुणाला? मामींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, कथा आहे ती, तिच्या नादात गॅसवरची डाळ जाळू नका.

मग बाईंच्या फोनची वाट बघणं सुरू झालं. आता घरात फिरणारी मी होते. फोन आला तो शनिवारी दुपारी. नात बाल्कनीत उभी राहून बोलत होती, मी ओट्याशी, हातातलं काम सोडून. इंग्रजी मला पेपर वाचून वाचून आलेलं, भरभर बोललेलं निम्मंच कळतं. पण सूर कळतो. घरात लाडाने बोलणारी ही पोरगी तिथे एकदम बँकेतल्या साहेबासारखी बोलत होती. त्या दोन ओळी काढा, वाचकांना हसू येईल, असं बाई म्हणत असाव्यात. कारण ही म्हणाली, हसू यायलाच हवं, तिथे बहीण पण हसतेच आहे. त्या ओळी राहतील. नसतील चालत तर मला पुस्तक नको.

मग बराच वेळ ती नुसती हं, हं करत होती. सूनबाई घरी होती, तीही येऊन माझ्याजवळ उभी राहिली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो.

नात आत आली. म्हणाली, घेतलं. ओळी राहतायत. सूनबाईने तिचं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाली, "चला, लागलं एकदाचं कोल्ह्याचं लग्न." डोळे पुसायला मात्र आतल्या खोलीत गेली.

"पण बाईंना अजून एक छोटं प्रकरण हवंय," नात मला म्हणाली. "कमानीच्या आतलं. ती आत गेल्यावर पहिल्या दिवशी काय होतं ते. त्यांना राहवत नाहीये म्हणे." आणि ओट्याला टेकून माझ्याकडे बघत राहिली. "मला नाही गं माहीत. तू गेली आहेस ना अशी, परक्या भाषेत. काय केलंस पहिल्या दिवशी?"

मी म्हणाले, आधी जेव, मग सांगते. पण मलाच कुठे दम निघत होता. लग्नानंतर इथे चेन्नईत आले तेव्हाची पेरांबूरची ती भाड्याची खोली, मालकीणबाई दारात येऊन काहीतरी विचारतायत, मला एक अक्षर कळत नाहीये, आणि हे कामावर गेलेले. मी घाबरून हातात आलं ते त्यांच्यापुढे केलं. ते होतं मिठाचं भांडं. त्यांनी चिमूटभर घेतलं, जिभेवर ठेवलं आणि म्हणाल्या, "उप्पु."

"मग?" नातीने विचारलं. फोन काढून ती लिहायलाही लागली होती.

"मग मी पण म्हणाले, उप्पु. मग त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं."