आतोबांचे प्लगइन

जगातली कोणतीही वस्तू पूर्ण झालेली नसते, तिला आणखी एक काहीतरी जोडायचे राहिलेले असते, अशी अढळ श्रद्धा असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आतोबांच्या स्कूटरला चार आरसे आहेत. दोन कंपनीने दिलेले, आणि दोन त्यांनी पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये स्वतः उभे राहून बसवून घेतलेले. या जादा आरशांत आतोबांना केवळ स्वतःची कोपरे दिसतात, पण ते काढण्याचा विषय निघाला की ते दुखावतात. आत्याच्या पिठाच्या डब्याला त्यांनी चाके लावली. तेव्हापासून आत्या डब्याला एका पायाने अडवून धरल्याशिवाय पीठ काढू शकत नाही. आमच्या इंदुरात वरून जीरावन भुरभुरल्याखेरीज पोहे वाढले असे कोणी मानत नाही. हा मसाल्याचा नियम आतोबांनी सबंध सृष्टीला लावला, इतकेच.

आतोबा एका खाजगी पॉलिटेक्निकमध्ये संध्याकाळच्या बॅचला इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवतात. बॅचमधले बहुतेक विद्यार्थी सांवेर रोडवरच्या एकाच कारखान्यातले कामगार. पाळ्या बदलत राहिल्या की त्यांची हजेरी कोलमडते, म्हणून पॉलिटेक्निकने निम्मे धडे ऑनलाइन ठेवायचे ठरवले आणि ती व्यवस्था आतोबांच्या हाती सोपवली. तिला बाहेरून हवी ती छोटी सॉफ्टवेअरे जोडता येतात, त्यांना प्लगइन म्हणतात, आणि त्यांतली पुष्कळशी फुकट असतात, ही माहिती त्यांना कोणी दिली हे अद्याप उघड झालेले नाही. मी त्या वेळी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून एका कार्यालयात डेटा विश्लेषणाचे काम करत होते आणि संशोधनासाठी अर्ज पाठवत होते. सबब मला आतोबांची तांत्रिक सल्लागार नेमण्यात आले. नेमणूक आत्याने केली, पोळ्या लाटता लाटता.

नमकीनच्या दुकानात शिरलेला इंदुरी माणूस जसा प्रत्येक शेवेची चिमूट चाखल्याशिवाय बाहेर पडत नाही, तसे आतोबा प्लगइनच्या यादीत शिरत. "चखून बघायला काय जातं गं? नाही जमलं तर काढून टाकू, उसमें क्या है," असे म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात बरोबर उत्तराला घंटा वाजवणारे प्लगइन बसवले. एक विद्यार्थी पाळी चालू असताना मशीनच्या आडोशाला चाचणी सोडवत होता. घंटेने त्याला सुपरवायझरच्या स्वाधीन केले. आतोबांनी ही हकीकत ऐकली आणि समाधानाने म्हणाले, "म्हणजे उत्तर बरोबर होतं." मग प्रमाणपत्र देणारे प्लगइन आले. त्याच्या अटी भरायचे राहून गेल्यामुळे, पान चालते की नाही हे पाहायला आलेल्या पॉलिटेक्निकच्या अकाउंटंटना इंजिनिअरिंग ड्रॉइंगमधील प्रावीण्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्यांनी ते फ्रेम केले. त्यानंतर कुलूप आले: आधीची चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढचा धडा उघडायचा नाही. विद्यार्थी म्हणून शिरून आतोबांनी ते तपासले, स्वतःच काढलेल्या चाचणीत नापास झाले, आणि प्रश्न संदिग्ध आहेत अशी तक्रार माझ्याकडे केली.

मी त्यांना प्रयोगाची शिस्त समजावून सांगितली. एका वेळी एकच बदल करावा. निम्म्या वर्गाला नवे प्लगइन द्यावे, निम्म्याला देऊ नये, आणि मग तुलना करावी. आतोबांनी सगळे लक्षपूर्वक ऐकून घेतले. "म्हणजे अर्ध्या पंगतीला जीरावन आणि अर्धी पंगत कोरडी? असं वाढत नसतात, बेटा," ते म्हणाले, आणि त्याच दुपारी सगळ्या वर्गासाठी क्रमवारीचा फलक चालू केला. जो अधिक धडे पूर्ण करील त्याचे नाव वर.

इथवर ही गंमत होती. तेवढ्यात प्राचार्य मॅडमनी आतोबांना बोलावून घेतले. "सरजी, ये पढ़ाई है कि मेला?" त्यांनी विचारले, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बॅचमधल्या बहुतेकांचे धडे पूर्ण झाले नाहीत तर पुढच्या वर्षी संध्याकाळची बॅच घेतली जाणार नाही, हे शांतपणे सांगून टाकले. या कामगारांना शिकायला दुसरी वेळ नव्हती आणि आतोबांना दुसरी बॅच नको होती. त्या दिवशी घरी येऊन ते कशालाही काहीही न जोडता बसून राहिले. आत्या घाबरली.

आणि नेमका तेव्हाच वर्ग थांबला. सगळे चौथा धडा संपवून पाचव्याच्या दाराशी उभे, एकही जण आत शिरेना. मला कुलपाचा संशय आला. मी सर्व नोंदी तपासल्या, नव्या विद्यार्थ्याचे खाते उघडून पाहिले. कुलूप निर्दोष होते. पाचवा धडा अवघड असावा, असा तर्क मी मांडला. "पण तो उघडलाच नाही कुणी. न उघडता अवघड कसा कळला?" असे म्हणून आतोबा चार आरशांची स्कूटर काढून थेट सांवेर रोडला गेले.

परत आले ते कारण घेऊन. बॅचमध्ये वेल्डिंग खात्याचे एक उस्ताद होते. निम्म्या वर्गाने वेल्डिंगची मशीन हाती धरली ती त्यांच्याकडून. उस्ताद दुहेरी ड्यूटी करत होते, त्यामुळे त्यांचा पाचवा धडा राहिला होता, आणि फलकावर उस्तादांच्या वर स्वतःचे नाव दिसावे हे त्यांच्या एकाही चेल्याला मान्य नव्हते. चेले थांबले म्हणून बाकीचेही थांबले. "उस्ताद से आगे कैसे निकलें, सर? सुबह मुँह भी तो दिखाना है," त्यांतल्या एकाने आतोबांना सांगितले होते.

मी म्हणाले, "आतोबा, फलक बंद करा. दोन मिनिटांचं काम आहे."

"बंद केला तर कशासाठी केला, ते उस्तादला कळणार नाही का? नाव पुसल्यासारखं होईल ते."

"मग?"

"मग काय. उस्तादच पुढे जातील."

दुसऱ्या दिवसापासून आतोबा रोज दोन ड्यूट्यांच्या मधल्या सुट्टीत कारखान्यासमोरच्या चहाच्या ठेल्यावर हजर राहू लागले. एकदा मीही गेले. उस्ताद संकोचून म्हणत होते, "सर, मेरे चक्कर में बच्चों का टाइम खराब हो रहा है. आप मेरा नाम ही काट दो."

"नाम नहीं कटेगा, उस्ताद. आप आगे बढ़ो, पीछे पूरा ट्रैफिक जाम है," आतोबा म्हणाले, आणि वस्तूचा छेद घेतला की आतले कसे दिसते हे दाखवण्यासाठी त्यांनी एक कचोरी सुरीने मधोमध कापली. उस्तादांनी तो छेद कागदावर काढला. रेषा थरथरत होत्या, पण सारण आणि पारी यांची जाडी बरोबर होती. ज्या संध्याकाळी उस्तादांची पाचवी चाचणी उत्तीर्ण झाली, त्या संध्याकाळी नोंदींत मी पाहिले: एकामागून एक सगळा वर्ग पाचव्या धड्यात शिरला होता. पुढचे धडेही असेच सुटले, आधी उस्ताद आणि पाठोपाठ बाकीचे. दिवाळीच्या आत बॅच पार पडली.

प्राचार्य मॅडमनी शब्द पाळला. पुढच्या वर्षीची बॅच मंजूर केली. फक्त एक अट घातली: प्लगइन सगळे काढायचे, पान साधे ठेवायचे. भाजीवालीशी कोथिंबिरीच्या काडीसाठी वाद घालणाऱ्या आतोबांनी ही अट एका शब्दाचीही घासाघीस न करता मान्य केली.

सुट्टीतल्या एका दुपारी त्यांनी मला शेजारी बसवून एकेक प्लगइन बंद केले. घंटा गेली, प्रमाणपत्र गेले, कुलूप गेले. फलकापाशी ते थांबले. उस्तादांचे नाव सर्वांत वर होते.

"वर आहे तोवरच काढू," ते म्हणाले, आणि त्यांनी कळ दाबली.

पडद्यावर धड्यांची सरळ यादी तेवढी उरली. इतके महिने मी याच नीटनेटक्या पानासाठी हट्ट धरला होता. आता ते कोणत्याही पॉलिटेक्निकच्या कोणत्याही मास्तरांचे असू शकले असते. आतोबा चष्मा काढून पुसत बसले, आणि मी विचारले, "आतोबा, चहा टाकू का?"