गोदाक्काचा ‘लागला’

रोज सकाळी कुकरच्या पहिल्या शिट्टीच्या आधी आमच्या स्वयंपाकघरात गोदाक्काचा आवाज यायचा. “लागला!” मग थोडा वेळ शांतता, फट् असा एक आवाज, आणि पुन्हा, “खालतीं! दोन बोटें खालतीं!” गल्लीतले नवीन भाडेकरू दचकायचे. मी त्यांना सांगायची, घाबरू नका, नवराबायकोचं भांडण नाही, नेमबाजी चाललीय. भांडणात गोदाक्काचा आवाज इतका कधीच चढत नाही.

तमिळ मुलखातल्या आवडी गावात त्यांचं आणि आमचं घर पाठीला पाठ लावून आहे. मधल्या भिंतीला एक भगदाड पडलेलं आहे. ते बुजवायचं दोन्ही घरांतल्या पुरुषांनी कधीचं ठरवलंय, आणि देवाच्या कृपेनं ते नुसतं ठरवतातच. मी सांगलीची. नवऱ्याला इथल्या संरक्षण कारखान्यात नोकरी मिळाली म्हणून आले आणि इथलीच होऊन बसले. गोदाक्का तंजावरची मराठी. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून ती म्हणाली होती, “तुम्ही बातम्यांतल्यासारिखें बोलतां, बाई.” मी म्हटलं, तुम्ही पोथीतल्यासारखं बोलता. तिथून आमचं जमलं ते जमलंच. भाजीवाल्यानं चुकून एक वांगं जास्त टाकलं तर ते परत करायला भर उन्हात निघणारी ही बाई. मी तिला तोंडावर म्हणायची, “अक्का, इतकं खरं वागून तुला स्वर्गात काय वेगळी खुर्ची मिळणार आहे?”

तिचे यजमान व्यासराज, सगळ्या गल्लीचे अण्णा. कारखान्याच्या भांडारात कारकुनी करून निवृत्त झालेले. तरुणपणी कारखान्याच्या नेमबाजी संघात होते, आणि तेवढा एकच गर्व त्यांनी जन्मभर जपला. डावा डोळा लहानपणापासून आळशी, नावालाच असलेला. सगळा कारभार उजव्यावर. “एक डोळा मिटायाचे श्रम देवानेंच वांचविले,” असं ते म्हणायचे.

निवृत्तीनंतर माणसं योगासनं करतात, नाहीतर देवळाच्या समितीत भांडतात. अण्णांनी जुनी एअर रायफल बाहेर काढली. त्यांच्या घराच्या बाजूला लांबट, अरुंद मोकळी पट्टी आहे. तिच्या टोकाला भिंतीपाशी वाळूची पोती, त्यांच्यापुढे लाकडी फळी, फळीवर कागद. कागदावरचं वर्तुळ गोदाक्का स्टीलचा टंबलर उपडा ठेवून काढायची. मारायला उभं राहायच्या जागा तीन: सगळ्यात जवळ धुण्याचा दगड, मग शेवग्याचं झाड, आणि सगळ्यात लांब फाटक. छर्र्याचं भोक तेवढ्या लांबून कुणालाच दिसत नाही. म्हणून गोदाक्का पाण्याच्या सिमेंटच्या टाकीआड उभी राहायची, अण्णांनी बंदूक खाली ठेवून “हं” म्हटलं की फळीजवळ जायची, आणि कुठे लागलं ते ओरडून सांगायची.

एकदा मलाही हौस आली. नळीच्या टोकाशी असते ती माशी, डोळ्याजवळ असते ती खाच. खाचेत माशी बसवायची आणि माशीवर वर्तुळ. अण्णांनी बंदूक शेवग्याच्या अंतराला लावून ठेवली होती, तिथून माझा एक नेम बरा गेला. फाटकापासून मारताना छर्रा वाटेत खाली येणार, म्हणून थोडं वर धरायचं, हे मला न सांगता कळलं. मी शाळेत शिकवते, अगदीच ढ नाही. मग धुण्याच्या दगडापाशी आले, आणि आता जवळ आहे म्हणून शहाणपणानं खाली धरलं. छर्रा फळीच्या पार खालच्या कडेला.

अण्णा खूश झाले. “सगळे हेंच करतात. डोळा वरतीं, नळी खालतीं. छर्रा नळींतून निघतो, डोळ्यांतून नव्हे. अगदीं जवळ असतां तो अजून वरतीं चढलाच नसतो. म्हणून जवळ असो, लांब असो, थोडें वरतींच धरायाचें.”

“आणि तरीही चुकलं तर?”

“तर कोठें चुकलें तें पाहायाचें. बंदूक बिघडली तर ती एकाच बाजूस मारते. लांब जाल तसें त्याच बाजूस अधिक. माणूस बिघडला तर छर्रे चहूंकडे.”

“आणि माझे?”

“तुमचे चहूंकडे, अलका.”

गोदाक्का टाकीआड तोंडाला पदर लावून हसत होती.

हे सगळं गेल्या नवरात्राआधीचं. इथे आयुधपूजेला बसपासून इस्त्रीपर्यंत सगळ्याला गंधकुंकू लागतं. गोदाक्काकडे ती खंडेनवमी. तिच्या देवघरापुढे शिवणयंत्र, मिक्सर, अण्णांची सायकल, आणि पाटावर आडवी ठेवलेली रायफल. त्या दिवशी आयुधाला हात लावायचा नाही. दसऱ्याच्या सकाळी गोदाक्कानं ओल्या फडक्यानं गंध पुसलं, खाचेत बसलेलं कुंकू काडीनं टोकरून काढलं, आणि बंदूक अण्णांच्या हातात दिली.

त्या दिवशी अण्णांचा एकही छर्रा वर्तुळात गेला नाही.

“माशी वांकडी दिसत्ये,” अण्णा म्हणाले. खाचेच्या मागे एक स्क्रू असतो, खाच वरखाली करायचा. तो त्यांनी बोटानं चाचपला. “तूं हा फिरविलास. पुसतां पुसतां फिरविलास. पूजा कर म्हटलें होतें गोदे, दुरुस्ती नव्हे!”

शेजारी ऐकतील इतका आवाज त्यांनी त्या दिवशी केला. मीच ऐकला. पुढचे काही दिवस ते स्क्रू इकडेतिकडे करत राहिले, गोदाक्का खरं ते सांगत राहिली, आणि प्रत्येक “चुकला”गणिक अण्णांचं तोंड आणखी उतरत गेलं. त्यांना साखरेचा त्रास. सकाळची गोळी घ्यायचे आणि रुसून पानावरून उठायचे. एकदा तर घाम फुटून पायरीवरच बसले. गोदाक्कानं घाईघाईनं साखरेचं पाणी पाजलं, तेव्हा कुठे डोळ्यांत जीव आला.

त्यानंतर आठवड्याभरात सकाळचा आवाज बदलला. “लागला!” आणि परत, “लागला!” मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, बघा, या वयात काय हात आहे माणसाचा, तुम्हाला डास मारता येत नाही.

पोंगल, म्हणजे आपली संक्रांत, होऊन गेल्यावर एका सकाळी मी वाटी परत करायला भगदाडातून पलीकडे गेले. अण्णा आत कॉफी घेत होते. गोदाक्का माझ्याकडे पाठ करून फळीसमोर उभी होती. तिच्या हातात पेन्सिल होती. तिनं ती वर्तुळाच्या आत टेकवली, दाबली, गोल फिरवली आणि बाहेर काढली. कागदाला छान भोक पडलं. मग दुसरं. मी फळीच्या आजूबाजूला बघितलं. भिंतीला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे टवके उडालेले. पोत्यांतून सगळीकडून वाळू गळत होती. बादलीलाही एक पोचा होता.

“अक्का, हे काय?”

तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मला टाकीमागे ओढलं. “माझ्याच हातें बिघडली गे ती. कुंकू पुसतांना. आतां मी ‘चुकला’ म्हटलें कीं ते जेवत नाहींत. गोळी घेतात नि जेवत नाहींत. मी काय करूं? शेवटीं कागद हातीं घेऊन नाकाजवळ धरून पाहतात, म्हणून ही पेन्सिल. पाहून झालें कीं सुखानें दोन इडल्या खातात.”

“आणि माशी? ती अजून वाकडी दिसते त्यांना?”

“रोज म्हणतात. आतां तर मधेंच तुटल्यासारिखी दिसत्ये म्हणतात. मी म्हणत्यें, दिसूं द्या, लागतो आहे न?”

मी तडक आत गेले आणि अण्णांना हाताला धरून व्हरांड्यात आणलं. “अण्णा, डावा डोळा झाका. ते फाटकाचे गज कसे दिसतात?”

अण्णांनी बघितलं. “वांकडे. रंगवाल्यानें शिडी टेकविली असेल.”

फाटकाचे गज सुतासारखे सरळ होते.

मी त्या दिवशी शाळा बुडवली, टॅक्सी बोलावली आणि दोघांना शहरात अड्यारच्या बाजूला डोळ्यांच्या एका इस्पितळात घेऊन गेले. वाटेत मी इतकी बडबड केली की टॅक्सीवाल्यानं आपणहून गाणी बंद केली. खरं तर मी भीतीनं बोलत होते. अण्णांचं एका डोळ्यावर चालतं, हे मला माहीत होतं.

डॉक्टर तरुण मुलगी होती, हरिणी नावाची. तिनं अण्णांच्या डोळ्यांत थेंब घातले, यंत्रांतून बघितलं, मग चौकटी आखलेला एक कागद समोर धरला. अण्णा म्हणाले, मधल्या चौकटीच नाहीत आणि बाकीच्या रेघा वितळल्यात. तिनं तमिळमध्ये विचारलं, हे कधीपासून?

“दसऱ्यापासून,” अण्णाही तमिळमध्ये म्हणाले. “एकदा मनात आलं होतं, डोळ्याचंच असेल. येणारही होतो. पण माझे छर्रे लागत होते. डोळा गेलेल्या माणसाचे लागतील का? हिला विचारा. रोज ही बघते.”

डॉक्टरनं गोदाक्काकडे बघितलं. गोदाक्कानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“लागत नव्हते,” ती मराठीतच म्हणाली, डॉक्टरला नाही, अण्णांना. “मी उगीच म्हणत होत्यें. भोकें मीच पाडत होत्यें.”

अण्णा तिच्याकडे तोंड करून बसले. तिचा चेहरा त्यांना दिसत होता की नाही, देव जाणे. त्यांनी एवढंच विचारलं, “एकाच बाजूस जात होते? कीं चहूंकडे?”

“चहूंकडे.”

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. पुसतच राहिले. डॉक्टर समजुतीच्या सुरात सांगत होती, की डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध पाणी आणि रक्त झिरपलंय, लगेच आला असतात तर इंजेक्शनांनी बरंचसं वाचलं असतं, आता तिथे व्रण धरलाय, इंजेक्शन द्यायचं ते उरलेलं टिकवायला. मला तिचा राग आला, गोदाक्काचा आला, ताटावरून उठणाऱ्या त्या हट्टी माणसाचा सगळ्यात जास्त आला. पण कुणाला काय बोलणार? तिनं खोटं सांगितलं ते तो जगावा म्हणून, आणि त्यानं त्या खोट्यावर विश्वास ठेवला तो ती कधीच खोटं बोलत नाही म्हणून. येताना टॅक्सीत गाणी शेवटपर्यंत चालू राहिली.

आता अण्णांना समोर बघितलं की मधे धुराचा डाग दिसतो, कडेकडेनं थोडं जग दिसतं. माणसं ते चालीवरून ओळखतात. गोदाक्का त्यांना सकाळी पेपर वाचून दाखवते. ते शांतपणे ऐकतात. मग मी भाजी चिरत असताना भगदाडातून हाक येते, “अलका, आज पेपरांत पाऊस लिहिला आहे काय?” पहिल्यांदा मला कळलं नाही, तिनं वाचून दाखवलेलं हे मला परत का विचारतात. दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा विळीवर बोट कापता कापता राहिलं. गोदाक्का त्यांच्या शेजारीच बसलेली असते. मी ओरडून सांगते, हो, लिहिलाय, आणि मला माझीच लाज वाटते.

उन्हाळा लागल्यावर एक दिवस अण्णा म्हणाले, “गोदे, तूं मार.”

ती नको नको म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. टाकीच्या आडोशाला खुर्ची टाकून बसले आणि तोंडानं शिकवायला लागले. बंदूक खांद्याला कशी लावायची, श्वास अर्धा सोडून कसा थांबवायचा, आणि जवळ असो, लांब असो, थोडं वरतीच कसं धरायचं. जन्मभर रांगोळी घातलेला हात, मुळात थरथरत नाही. धुण्याच्या दगडापासून तिला लवकर जमलं, मग शेवग्यापासून. आता मारायचीही तीच, फळीपाशी जाऊन बघायचीही तीच. “चुकला. उजवीकडे एक बोट,” ती ओरडायची, आणि अण्णा मान हलवायचे. “घोडा ओढूं नको, दाब.” चुकलेल्यावर त्यांनी कधी शंका घेतली नाही.

फाटकापासून मात्र तिला बरेच दिवस लागले. मग एका सकाळी कितीतरी महिन्यांनी माझ्या स्वयंपाकघरात ती हाक आली. “लागला! अहो, मधोमध लागला!” मी गॅस बंद करून भगदाडाकडे धावले.

अण्णा खुर्चीवरून उठले होते. हात पुढे धरून, पाय घासत, पोत्यांपर्यंत गेले. “कोठें?” त्यांनी विचारलं, पण उत्तराची वाट बघितली नाही. तळहातानं कागद शोधला, मग एका बोटानं कागदावर फिरायला लागले, सावकाश, टंबलरच्या रेघेवरून आत, आणखी आत. गोदाक्का फळीपासून बाजूला होऊन उभी होती. अखेर बोटाचं टोक भोकात अडकलं. नखानं त्यांनी आतलं लाकूड चाचपलं. छर्रा लाकडात शिरला होता, पेन्सिल एवढी खोल जात नाही.

“हं,” ते म्हणाले. “लागला आहे.” आणि येऊन खुर्चीत बसले. आवाजात राग नव्हता. रागावले असते, चार शब्द टाकून बोलले असते, तर मला बरं वाटलं असतं. तिलाही वाटलं असतं.

अजून रोज सकाळी कुकरच्या आधी फट् आवाज येतो. गोदाक्का चुकलेला प्रत्येक नेम ओरडून सांगते, कुठे, किती बोटं, सगळं. लागला की मात्र काहीच बोलत नाही. बंदूक खाली ठेवते, फळी बघून बाजूला होते, आणि अण्णा उठायची वाट बघत उभी राहते.