देवडीचा दरवाजा

त्या दरवाजाची आठवण आली की आजही मी एकटीच हसत बसते. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोनेक वर्षं झाली असतील. पवनीकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होते. नागपूरला राहणारे, एका जुन्या मालगुजार जमीनदाराचे नातू तक्रार घेऊन आले. गावातल्या त्यांच्या वाड्याच्या देवडीचा, म्हणजे प्रवेशद्वाराचा, सागवानी दरवाजा गायब झाला होता. त्यांनी तो एका व्यापाऱ्याला विकलेला. ट्रक न्यायला आला तर चौकट रिकामी!

गुन्हा नोंदवला. आता तुम्हीच सांगा, दहा माणसांनाही न उचलवणारा दरवाजा लपवणार कुठं? बसस्टँडवरचा चहावाला हळूच म्हणाला, "मॅडम, तिथल्या सुताराले पुसा."

दुसऱ्या दिवशी माल ओळखायला मालकांना सोबत नेलं. वाड्याच्या चौकात लग्नाची धांदल. गावातली लग्नं पिढ्यान्‌पिढ्या याच चौकात लागत आलेली. सुताराला बाजूला घेतलं.

"दरवाजा कुठाय?"

"मले का मालूम जी? मी तं मांडवात खपून राहिलो."

"मग घाम काहून फुटून राहिला?"

"ऊन हाय ना जी!" अन् बेटा उभा गार सावलीत!

तेवढ्यात नवरीच्या आईनं मला आग्रहानं मंचावर नेलं. गावचा मंच पाय ठेवताच करकरतो. हा हललाच नाही. मी खाली उतरून वाकून पाहिलं. कोरलेली कमळं अन् मोठाले लोखंडी खिळे, जमिनीकडे तोंड करून!

आई पुढं आली. "म्याच सांगतलं सुतारभाऊले. आमच्या बौद्ध वस्तीतलं या चौकातलं हे पयलं लगन हाय. माहा आजा जोडे हातात घेऊन याच दरवाज्याबाहीर उभा राहे. माही पोरगी यातूनच सासरी जाईन. मंग दरवाजा न्या, अन् मलेबी न्या."

मालक खाली वाकून कमळावरून हात फिरवत राहिले.

"मॅडम, चोरी झालीच नाही. माझा गैरसमज झाला, असं लिहून घ्या. सौदा मी मोडतो."

मी जबाब घेतला. लग्न लागल्यावर मंच मोडला. वऱ्हाडी, मालक, माझे दोन शिपाई, साऱ्यांनी मिळून दरवाजा चौकटीत बसवला. नवरी रडायचं विसरून हसतच त्यातून बाहेर पडली.

काय गेलं, एवढंच तोवर मी विचारत असे. नेणाऱ्याला ते कशासाठी हवं होतं, हे विचारायला त्या दिवसापासून शिकले.

पंचनाम्यात लिहिलं, 'माल मूळ जागी मिळून आला.' एक अक्षर खोटं नाही.