वर होले, खाली पाणी

लग्नाच्या सहाव्या वर्षी माझ्या बायकोला संध्याकाळचं दिसेनासं झालं. आठव्या वर्षी दिवसाचंही. नागपूरच्या डॉक्टरांनी डोळ्यांमागचा पडदा वाळत चाललाय एवढं सांगितलं आणि चष्म्याची चिठ्ठीसुद्धा न देता आम्हाला परत पाठवलं. मी तेव्हा जवाहरनगरला फॅक्टरीत वीजकामावर होतो. दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. मूल नव्हतं. सकाळी मी बाहेर पडलो की ती दिवसभर एकटी.

ती दिघोरीची. धानाच्या बांध्यांमध्ये, पाणी अडवलेल्या भातखाचरांत, वाढलेली. भाताच्या रोपांच्या रोवणीला तिचा हात असा भरभर चालायचा की मागं पडायला नको म्हणून बायका तिच्या शेजारी उभ्या राहायचं टाळत.

एकदा ड्युटीवरून आलो तर ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती.

"काय करून राहिली?" मी विचारलं.

"आयकून राहिली."

"काय?"

"काई नाई. इथं सारं एकाच उंचीवर आयकू येते. रेडिओ, पंखा, शेजारनीचं भांडन. गावाले पाखरं वर राहत, पानी खाली राहे. आपन कुठी उभं हावो, ते समजे."

मला रेडिओ उघडून दुरुस्त करायची जुनी हौस. तिचं बोलणं डोक्यात घोळत राहिलं. माझ्याबरोबरच्या एका फिटरच्या भावानं आखातातून स्टीरिओ टेपरेकॉर्डर पाठवला होता. दोन माइक लागायचे, आवाज डावा-उजवा वेगवेगळा भरायचा. फिटरला गाण्याची आवड नव्हती. "घेऊन जा, माझ्याकडं धूळच खातो," म्हणाला. मी विचार केला, डावं-उजवं वेगळं होतं तर वर-खाली का नाही होणार?

त्या रोवणीला मी दोन एसट्या बदलून एकटाच दिघोरीला गेलो. एक माइक मोहाच्या झाडावर चढून फांदीला बांधला. दुसरा बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, खुंटी ठोकून पाण्यापासून वीतभर उंचीवर लावला. वर फांद्यांत होले, ती करडी रानकबुतरं, घुमत होते. खाली एका बांधीतलं पाणी दुसरीत उतरत होतं, आणि रोवणाऱ्या बायकांचे पाय चिखलातून निघताना आवाज करत होते. मी टेप सुरू केला. तेवढ्यात सासरे येऊन खुंटीजवळच उकिडवे बसले.

"जवाईबापू, हे कायले बांधून राहिले?"

"तिच्यासाठी, मामाजी. इथला आवाज घेऊन जातो."

त्यांनी मान वर करून झाडावरचा माइक पाहिला. मग म्हणाले, "आवाज कायले नेता? तिलेच घेऊन या ना."

"आनतो. सवड झाली का आनतो."

क्वार्टरमध्ये आल्यावर चार जुने स्पीकर जोडले. दोन वर भिंतीला, दोन खाली; झाडावरच्या माइकचा आवाज वरच्यांतून, खुंटीवरच्याचा खालच्यांतून. खालचे दोन मडक्यांच्या तोंडावर बसवले, आवाज भरदार यावा म्हणून. तिला खोलीच्या मध्ये बसवलं आणि टेप लावला.

ती म्हणाली, "होला भिंतीत बसून हाये."

मी पंखा उतरवला आणि वरचे दोन्ही स्पीकर त्याच्या हुकाला उलटे टांगले.

"आता झाडावर गेला. पन पानी मडक्यात हाये, बांधीत नाई."

मडकी काढली. स्पीकर विटांवर ठेवून त्यांची तोंडं फरशीकडं केली. तिनं हात खाली नेला, फरशी चाचपली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. तेवढ्यात फरशीजवळून तिच्या बाबांचा आवाज आला. मग माझा. तिलेच घेऊन या ना. सवड झाली का आनतो. ते बोलणं टेपवर भरलं गेलं होतं, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. मी बटण दाबायला वाकलो.

"राहू द्या," ती म्हणाली. "पुसू नका."

त्यानंतर ती रोज टेप ऐकू लागली. मी कौतुकानं शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचो. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की ती त्या जागेवरून उठतच नाही. पूर्वी भिंत धरून नळापर्यंत जायची, भाजी निवडायची, शेजारणीच्या दारात बसायची. आता मी घरी येई तेव्हा केस न विंचरता ती खोलीच्या मध्ये बसलेली असे आणि टेप केव्हाच संपलेला असे. सासऱ्यांच्या त्या वाक्याबद्दल ती एकदाही बोलली नाही. मीही नाही.

मी तिला का नेलं नाही? सवड नव्हती असं नाही. हात धरून तिला गावातून नेताना लोक हळहळतील, ती हळहळ मला नको होती. आणि त्याहून मोठं भय होतं. माहेरचे म्हणतील, ठेवा इथंच. ती हो म्हणेल. ते सहन झालं नसतं, म्हणून मी तिचं गाव तारांवर टांगून घरात आणलं आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात सासरे वारल्याची तार दुपारी फॅक्टरीच्या फाटकावर आली. मी घरी येऊन तिला सांगितलं. ती रडली नाही.

"चला," म्हणाली. एसटीत खिडकीशी बसली, आणि लाखांदूर मागं पडल्यावर म्हणाली, "बाबानं तुमाले म्हनलं होतं."

"हो."

"मी रोज आयकत होती. वाटे, आज तुमी दुसरं काई म्हनसान."



आम्ही पोचलो तेव्हा अंत्यविधी उरकला होता. तेरवी झाली. परतायच्या सकाळी मी पिशवी भरली, तर ती अंगणात भावजयीबरोबर तांदळातले खडे काढत होती. बोटांनी चाचपून, सावकाश. तिनं मान वर केली नाही.

"तुमी जा," म्हणाली. "मी इथंच राहीन."

"किती दिवस?"

"मले नाई मालूम."

भावजय आमच्याकडं पाहत होती. मी पिशवीतली तिची लुगडी काढून खाटेवर ठेवली.

ती परत आली नाही. भांडण झालं नाही, कोणी कुणाला टाकलं नाही. मी महिन्यातून दोनदा शनिवारी जायचो आणि रविवारी परतायचो. ती नीटनेटकी दिसायची, काठी घेऊन बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, पारीपर्यंत एकटी जायची. मला चहा करून द्यायची, फॅक्टरीचं विचारायची, पाहुण्याला विचारावं तसं. चौथ्या वर्षी रोवणीच्या आधी तापानं गेली. तेव्हा मी तिच्याजवळ होतो. तिला ते समजलं की नाही, सांगता येत नाही.