मालक नसलेलं ॲप आणि चाचीचं अर्धं गाणं

लोधिवलीत दुपारी आमच्या ओट्यावर चिंचा फोडायला बसलो की चिंचोके एका टोपलीत पडतात आन किस्से दुसरीत. यंदा दुसरी आधी भरली! माझ्या नातीनं, रूपालीनं, आमाला जुन्या ॲपवरनं उठवून नव्या ठिकाणी नेऊन बसवलं ना!

*

जुन्यावर आमची गाणी कमी, जाहिराती जास्त. रूपाली म्हणाली, "आजी, इथं एक मालक नाय. बारके बारके सर्व्हर, ज्याचा त्यानं चालवायचा, आन सगळे एकमेकांशी जोडलेले."

शेजारची काशी घाबरली. "मालक नाय? मंग भांडायचं कोनाशी गं?"

*

पहिल्या दिवशी उघडलं तर कोरं!

"इथं आपोआप काय येत नाय," रूपाली म्हणाली. "आपणच माणसं शोधून फॉलो करायची."

पण अनोळखी माणसाला असंच कसं फॉलो करायचं? काशी प्रत्येकाला आधी विचारायची, "गाव कंचं? माहेर कंचं?"

एकानं लिहिलं, "मावशी, मी पुरुष आहे."

"मंग आईचं माहेर सांग!"

*

एकदा बोटानं सरकवता सरकवता काशी थांबली. "संपलं गं!" जुन्यावर कधी संपायचंच नाय. ती उठून चुलीकडं गेली. रात्री तिच्या घरच्यांनी विचारलं, "आज आमटी करपली नाय. कोनी केली?"

*

खरी नड होती आमच्यासंगं चिंचा फोडणाऱ्या जैनबचाचीची. तिच्या नातीचं लग्न ठरलेलं. त्यांच्यात हळदीचं एक जुनं गाणं हाय. निम्मं नवरीकडच्या बायका म्हणतात, उत्तराचं निम्मं नवऱ्याकडच्या. चाचीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुलीच, म्हणून तिला पहिलंच निम्मं येतं. व्याह्यांकडं तर कुणालाच येत नाय.

"उत्तराबिगर हळद कशी लावू गं?" चाचीचे डोळे भरले.

रूपालीनं तिच्या निम्म्या गाण्याचा आवाज नव्या ॲपवर टाकला. कोनी ऐकलाच नाय. मग तिला आठवलं, "हॅशटॅग राहिला! त्याच्याबिगर शोधणाऱ्याला सापडणार कसं?" लावला.

लग्न तोंडावर आलं, आन समुद्राकाठच्या कुठल्याशा गावातनं एका म्हातारीचा आवाज आला. दुसरं निम्मं! खणखणीत!

चाची डोळे मिटून ऐकत होती. मधेच खाडकन उघडले.

"या अल्ला! नवरीच्या माहेराला कंजूस म्हनते ही! फोन दे इकडं, रूपा!"

हळद लागली, निकाह झाला, नात नांदायला गेली. काल चिंचा बाजूला सारून चाची फोनात त्या समुद्राकाठच्या म्हातारीवर ओरडत होती, "आन तुमचा नवरदेव घोड्यावर चढताना पडला, ते कोन गाणार?"