तारेखालून जाणारी काठी

बाळांनो, परवा फोटो पाहून तुम्ही विचारलंत, की आपल्या गावाची काठी रेल्वे फाटकातच आडवी का. तुमच्या आजोबांनी हे रंगवून सांगितलं असतं. आता ठाऊक असलेली मीच उरले, म्हणून लिहून ठेवते.

काठी म्हणजे देवाची, तीन मजली घराएवढा उंच बांबू. चैत्रात ती यात्रेला उभीच चालत जाते आणि तिचा मान आपल्या घराकडे आहे. मी सांगलीच्या ऑफिसात रेल्वेवरच्या विजेच्या तारांचे आराखडे करायचे. आपल्या मार्गावर जड मालगाड्या असतात. चढावर त्यांची इंजिनं एकदम वीज ओढतात, तेव्हा तार किती जाड हवी, खांब किती अंतरावर, हे ठरवणं माझं काम. तार रुळांवर सरळ नसते बरं का. ती किंचित डावी-उजवीकडे सरकवत नेतात, नाहीतर इंजिनावरचा जो हात तारेला टेकून वीज घेतो, त्याच्या पट्टीला एकाच जागी खाच पडेल.

नेमकं आपल्या गावचं फाटक माझ्याच आराखड्यात आलं. तारेमुळे काठी तिथून उभी जाणार नव्हती. खांब उभे राहिले तसे आजोबांचे धाकटे भाऊ घरी आले. चहाला त्यांनी हात लावला नाही.

“वयनी, तुमची तार जरा वर घ्या की.”

“भावजी, इंजिनाचा हात तेवढाच पोचतो.”

“मग त्याला म्हणावं, टाचा उचल. काठी वाटंत आडवी झाली तर गाव म्हणंल, ह्यांच्या सुनंनंच देव आडवा पाडला.”

मी विचारलं, “यात्रेआधी कापड बांधून सजवताना काठी कशी असते?”

“आडवी. खांद्यावर. पर तवा ती नटत असती.”

“मग फाटकाअलीकडे पुन्हा नटवा.”

त्यांनी कप जवळ ओढला. मग म्हणाले, “भुईला टेकायची न्हाई मातूर,” आणि गार झालेला चहा प्यायले.

त्या चैत्रात फाटकाअलीकडे माणसांनी काठी खांद्यांवर घेतली. बायकांनी तिला नवा हार बांधला, मग ती तशीच तारेखालून पलीकडे नेऊन उभी केली. मी कडेला उभी होते. शेजारची म्हातारी म्हणाली, “हार पयल्यापास्नं हितंच घालत हुतो न्हवं?”

मी हो म्हटलं.

तार तिथेच आहे. काठी दर चैत्रात तिच्याखालून जाते, आणि मान अजून आपल्या घराकडे आहे.